कोंढ्यापर्यंत आलेली अक्षरे

भंडाऱ्याहून पवनीला जाताना वाटेत कोंढा लागते. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा पट्टा, झाडीपट्टीचा मुलूख. इथल्या शेतकऱ्याला आधारभूत खरेदी केंद्रावर धान द्यायचे तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि नोंदणीला सातबारा लागतो. १ मे २०१८ रोजी राज्य सरकारने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन द्यायला सुरुवात केली. खातेदाराचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, आकार, सगळे आता मोबाइलच्या पडद्यावर मराठीत वाचता येते. नाव बरोबर आहे ना, एवढे पाहून माणूस फोन खिशात ठेवतो.

त्या नावातली काना-मात्रा-वेलांटी पडद्यावर आपापल्या जागी बसायला तीस वर्षे लागली. हा इतिहास घडला कानपूर, पुणे, मुंबई आणि थोडा परदेशात. तरी त्याचे मोल कोंढ्यासारख्या गावातूनच नीट कळते. शहरातला शिकलेला माणूस इंग्रजीवर भागवू शकत होता. इथे मराठी दिसली नाही तर संगणकाचा उपयोगच नव्हता. आणि मराठी दिसू लागली ती बाजाराने मनावर घेतले म्हणून थोडी, आपले काम सर्वांसाठी खुले करून ठेवणाऱ्या माणसांमुळे फार जास्त, असे माझे मत आहे. ते पटावे म्हणून हा सगळा प्रवास सांगतो.

सुरुवात आयआयटी कानपूरची. तिथे प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे विद्यार्थी भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम करत होते. त्यांतले मोहन तांबे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने ‘जिस्ट’ कार्ड बाजारात आणले. संगणकाच्या पोटात हे कार्ड बसवले की इंग्रजीसाठी बनलेल्या यंत्रावर देवनागरी दिसू लागे. १९८६ साली इनस्क्रिप्ट कळफलक ठरला होता: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना तोच नकाशा. पाठोपाठ ‘इस्की’ ही संकेतप्रणाली आली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, हे देशापुरते ठरले. पाया उत्तम होता. पण कार्ड विकत घ्यावे लागे आणि ते परवडे सरकारी कार्यालयांना, बँकांना, मोठ्या छापखान्यांना.

बाकीच्यांनी दुसरी वाट धरली. नव्वदच्या दशकात विंडोज आणि डीटीपी आले, आणि तालुक्या-तालुक्यात एक संगणक, एक लेझर प्रिंटर अशी दुकाने उघडली. लग्नपत्रिका, वास्तुपूजनाची निमंत्रणे, दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू झाला की नाटकांची हँडबिले. झाडीपट्टीत नाटकाच्या पत्रकाला केवढे महत्त्व असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. ही सगळी छपाई श्रीलिपी, कृतीदेव अशा फाँटांवर चाले. या फाँटांची युक्ती साधी होती. संगणकाला वाटे की आपण रोमन अक्षरेच लिहितो आहोत, फक्त त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढून ठेवलेले असत. कृतीदेवमध्ये रोमन ‘डी’च्या जागी क आहे आणि ‘के’च्या जागी काना. म्हणजे पडद्यावर ‘का’ दिसत असला तरी फाइलीत ‘डी’ आणि ‘के’ ही दोन रोमन अक्षरेच पडलेली असतात. प्रत्येक कंपनीच्या फाँटात तुकड्यांची मांडणी निराळी. एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात नेली आणि तिथे तो फाँट नसला की पत्रिकेवर नवरदेवाच्या नावाऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसे. कागदावर छापून मोकळे व्हायचे तोवर हे चालून गेले. पण वेब आले आणि अडचण उघडी पडली. मराठी वृत्तपत्रांनी संकेतस्थळे काढली तेव्हा वाचकाला आधी त्या त्या वृत्तपत्राचा फाँट उतरवून घ्यावा लागे. शोधयंत्राला त्यातले काहीच कळत नसे. त्याच्या लेखी ती निरर्थक रोमन होती. दहाएक वर्षांचा मराठी मजकूर असा वेबवर असूनही नसल्यासारखा राहिला.

उपाय तोवर तयार होत होता. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत क्रमांक देण्याचे ते काम. त्यात देवनागरीला १२८ घरांचा पट्टा मिळाला आणि त्या घरांचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतला गेला. म्हणजे कानपूर-पुण्याची मेहनत वाया गेली नाही, ती जगाच्या मानकात जाऊन बसली. इस्की बंदिस्त ठेवली असती तर असे झाले नसते.

क्रमांक मिळाला तरी अक्षर दिसत नाही, ही मात्र देवनागरीची खोच आहे. रोमन अक्षरे एकामागे एक ठेवली की झाले. ‘किती’ लिहिताना आधी क येतो, मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी क च्या आधी काढावी लागते. ‘सूर्य’ मध्ये र लिहिला जातो य च्या आधी आणि दिसतो त्याच्या डोक्यावर. क आणि ष यांचा क्ष होतो, त आणि र यांचा त्र. हे सगळे जुळवणारी यंत्रणा संगणकात असावी लागते आणि तिला साथ देणारा फाँटही लागतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये ती यंत्रणा दिली आणि तिच्यासोबत ‘मंगल’ हा फाँट दिला.

मंगल काढला तो र. कृ. जोशी यांनी. या माणसापाशी जरा थांबले पाहिजे. रघुनाथ कृष्ण जोशी, जन्म १९३६. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, उल्का जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शन केले, मराठीत कविता लिहिल्या, आणि अक्षराच्या आकारातूनच कविता उभी करण्याचे प्रयोग केले. १९८३ पासून आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी शिकवले. भारतातल्या सगळ्या भाषांना चालेल अशी ‘देशनागरी’ लिपी त्यांनी रचून पाहिली. बोरू आणि कुंचला हातात धरलेला हा माणूस निवृत्तीच्या वयात जुहूच्या एनसीएसटीत, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, संगणकासाठी अक्षरे काढू लागला.

एनसीएसटीत त्या वेळी ‘इंडिक्स’ नावाचा प्रकल्प चालू होता. लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीच्या पडद्यावर सगळे रेखाटण्याचे काम एक्स विंडो नावाचा थर करतो. त्या थरातच भारतीय लिप्यांची जुळवणी घालायची, म्हणजे वरच्या प्रत्येक प्रोग्रॅमला ती आपोआप मिळेल, असा तो बेत. या प्रकल्पासाठी जोशी यांनी ‘रघु’ फाँट काढला आणि संस्थेने तो जीपीएल परवान्याखाली खुला केला. कोणीही घ्यावा, वापरावा, उघडून पाहावा, बदलावा, पुढे द्यावा. अट एवढीच की बदललेलेही तसेच खुले ठेवावे. एकाच हाताचे दोन फाँट झाले. मंगल विंडोजसोबत करोडो संगणकांवर गेला आणि कंपनीच्या मालकीचा राहिला. रघु थोड्यांपर्यंत पोचला, पण त्याच्या पोटात काय आहे हे पाहून पुढची पोरे देवनागरी फाँट बनवायला शिकली. २००८ च्या फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोत जोशी वारले. मराठी संगणकाच्या कहाणीत अभियंत्यांचीच नावे घेतली जातात. मला या कवी-चित्रकाराचे नाव सर्वांत वर ठेवावेसे वाटते.

अक्षरे दिसू लागली, तरी संगणक बोलत होता इंग्रजीच. २००० च्या आसपास मुंबईत ‘इंडलिनक्स’ सुरू झाले. व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी ते उभे केले आणि जी. करुणाकर यांनी बरीच वर्षे त्याचा समन्वय सांभाळला. लिनक्सच्या पडद्यावरचा प्रत्येक शब्द भारतीय भाषांत आणायचा, हे त्यांचे काम. मराठीची बाजू स्वयंसेवकांनी आणि पुढे रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयातल्या लोकांनी उचलली. या कामात झगमग काही नसते. प्रोग्रॅममधली इंग्रजी वाक्ये एका फाइलीत काढलेली असतात, प्रत्येकाखाली रिकामी जागा असते, तिथे मराठी लिहायचे. अशी वाक्ये हजारोंनी, आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की त्यात भर. एका प्रोग्रॅममध्ये ‘जतन करा’ आणि दुसऱ्यात ‘साठवा’ असे झाले की वापरणारा गोंधळतो, म्हणून नेहमी लागणाऱ्या शब्दांची एक ठरीव यादी करण्यासाठी २००८ मध्ये ‘फ्युएल’ हा उपक्रम निघाला. भाषा जाणणारे आणि संगणक जाणणारे एका टेबलाभोवती बसून एकेका शब्दावर वाद घालत. नोम, फेडोरा, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस मराठीत मिळू लागले ते या कामातून.

याच काळात, १ मे २००३ रोजी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. तोही मीडियाविकी या खुल्या सॉफ्टवेअरवर. तिथे मराठी मजकूर मोठ्या प्रमाणावर युनिकोडमध्ये साठू लागला, शोधयंत्राला सापडू लागला. पण वाचकांपैकी अनेकांच्या संगणकात फाँट नव्हता, असला तर जुळवणी नव्हती, आणि त्यांना चौकोन दिसत.

ही उणीव भरून काढणारा फाँट म्हणजे ‘लोहित’. २००४ मध्ये रेड हॅटने तो खुला केला. पुढे पुण्यातल्याच प्रवीण सातपुते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची डागडुजी वर्षानुवर्षे केली. २०११ मध्ये तो जीपीएलऐवजी ओएफएल या खास फाँटांसाठी बनवलेल्या परवान्यावर आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विकिपीडियाने भारतीय भाषांच्या आवृत्त्यांत वाचकाच्या संगणकावर फाँट नसला तरी पानाबरोबरच तो पाठवण्याची सोय केली. चौकोन गेले.

लोहितवर झालेले बारीक काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ते निव्वळ मराठीसाठी होते. देवनागरी हिंदीचीही आहे, नेपाळीचीही. बाजारातले फाँट हिंदीचा विचार करून निघत. मराठीत ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याने’, ‘सुऱ्या’ या शब्दांत र चे जे कोयत्यासारखे वळण येते ते हिंदीला लागतच नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत अर्थाचा केवढा फरक! हे वळण नसलेल्या फाँटात डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. युनिकोडने त्यासाठी नुक्ता असलेला ऱ वापरण्याचा नियम केला. त्याआधीच्या पद्धतीत साध्या र नंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालत. दोन्ही मार्गांनी पडद्यावर अक्षर सारखेच दिसते, आत मात्र क्रमांक निराळे. एकाने एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर साध्या शोधात सापडत नाही. ‘ॲ’ चेही तसेच. त्याला स्वतंत्र घर मिळाले २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये, तोवर लोक अ वर चंद्र ठेवून भागवत होते, आणि कित्येक जण आजही भागवतात. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला निश्चित केली, तिच्यात ॲ आणि ऑ यांना स्वरांचा दर्जा दिला.

मग ल आणि श. शाळेच्या पाटीवर आपण पाकळीचा ल आणि देठाचा श शिकलो. हिंदीच्या छापील वळणात ल ला दंड असतो आणि श चे डोके निराळे. फेडोरा या लिनक्सच्या आवृत्तीत आधी हिंदीचा लोहित वेगळा, मराठीचा वेगळा, नेपाळीचा वेगळा होता. पुढे तो सगळा एकच देवनागरी फाँट झाला आणि त्यात दोन्ही रूपे ठेवली गेली. वेबपान बनवणाऱ्याने पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे एवढे नोंदवले की तोच फाँट मराठी ल आणि मराठी श काढून देतो. हिंदी नोंदवले तर हिंदी. ही एका ओळीची नोंद आजही कितीतरी मराठी संकेतस्थळे करत नाहीत आणि मग शासनाचे पानसुद्धा हिंदी वळणात दिसते. संकेतस्थळ बनवणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने ती ओळ लिहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अशा खुल्या फाँटांबरोबर बहुधा एक छोटी फाइल येते. कोणी कोणते अक्षर काढले, कोणी चूक दाखवली, कोणी दुरुस्त केली, यांची नावे तिच्यात असतात. कोंढ्याहून पुढे पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले, शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांच्या देखरेखीखाली. तिथे बौद्ध स्तूप निघाला आणि त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे निघाली. आपली देवनागरी त्याच ब्राह्मीच्या वंशातली. सर्वांच्या उपयोगाच्या वस्तूवर देणाऱ्याचे नाव कोरायची रीत या तालुक्यात दोन हजार वर्षांची आहे, म्हणून ती फाइल उघडली की मला पवनीचे ते दगड आठवतात.

२०१० नंतर वेग वाढला. हार्फबझ नावाची खुली जुळवणी-यंत्रणा बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या अभियंत्याच्या पुढाकाराने तयार झाली. आधी लिनक्सच्या निरनिराळ्या भागांत देवनागरी जुळवण्याचे निरनिराळे प्रयत्न होते; ते एका जागी आले. फायरफॉक्सने ती घेतली, क्रोमने घेतली, अँड्रॉइडने घेतली. एका ठिकाणी वेलांटी दुरुस्त झाली की सगळीकडे दुरुस्त. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर मराठी संदेश आला की चौकोन दिसत. ती अवस्था २०१२-१३ नंतर सरली. फाँट पानाबरोबर पाठवायची सोय आता सगळ्या ब्राउझरांत होती, आणि २०१४ पासून गुगल फाँट्सवर देवनागरी येऊ लागली. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’ दिला. गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी काढलेला, अगदी बारीकपासून जाडपर्यंत सात वजनांचा, लहान पडद्यावरही न तुंबणारा. त्याची गुजराती, गुरुमुखी, तमिळ भावंडेही निघाली. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ हे खुले फाँट काढून घेतले. सरकारी पैशातून झालेले काम जनतेच्या हाती मोकळे देणे म्हणजे काय, याचा तो नमुना आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, स्वस्त डेटा आला, आणि झाडीपट्टीतल्या गावागावांत फोनवर मराठी वाहू लागली. त्या फोनांच्या पोटात लिनक्सचा गाभा होता, हार्फबझ होते, खुल्या परवान्याचे नोटो फाँट होते. वीस-पंचवीस वर्षांच्या खुल्या मेहनतीवर ही स्वस्ताई उभी होती. एनसीएसटीत आणि पुण्यात ते काम झाले नसते तर डेटा कितीही स्वस्त होऊन कोंढ्याला इंग्रजीच मिळाली असती, किंवा मराठी रोमनमध्ये लिहायची सवय कायमची पडली असती.

संकेतस्थळ बनवायची साधनेही मराठीत आली. २००३ साली सुरू झालेले वर्डप्रेस खुले आहे आणि त्याचे मराठीकरण स्वयंसेवक करतात. त्याचा मेळावा, वर्डकँप, २०१७ मध्ये नागपूरलाही भरला. नागपूर म्हणजे भंडाऱ्याच्या पोरांना सकाळी निघून संध्याकाळी परतण्याजोगे गाव. दुकानाचे, बचत गटाचे, नाटक मंडळीचे पान बनवायला आज परवाना विकत घ्यावा लागत नाही, फाँट विकत घ्यावा लागत नाही.

एका गोष्टीची मात्र खंत आहे. २००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि सरकारी नोकरीसाठी तो लागू लागला. खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींना संगणकाची पहिली ओळख त्याने करून दिली. हे त्याचे मोठेच श्रेय. पण ती ओळख झाली मुख्यतः विंडोज आणि ऑफिसची. त्याच दशकात केरळने शाळांतले संगणक मुक्त प्रणालीवर नेले आणि तिथली मुले प्रोग्रॅम उघडून पाहू लागली. पुण्यात बसून माणसे मराठी लिनक्स घडवत होती आणि भंडारा जिल्ह्यातल्या संगणक वर्गात तो दिसत नव्हता. घडवणारे आणि वापरणारे यांची गाठ तेव्हा पडली असती तर आज मराठी अनुवाद करणाऱ्यांत शहराबाहेरची नावे पुष्कळ असती आणि झाडीबोलीचे शब्दही ‘फ्युएल’च्या यादीवरच्या वादात आले असते.

ती गाठ पडायला अजून जागा आहे. भंडारा, पवनी, लाखांदूरच्या डीटीपी दुकानांतल्या जुन्या संगणकांत वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर श्रीलिपीत आणि कृतीदेवमध्ये पडून आहे: नाटकांच्या संहिता, दिवाळी अंक, गावांच्या स्मरणिका, झाडीबोलीतली पुस्तके. तो युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरक साधने मोफत मिळतात. रूपांतर झाले तरी ऱ्य, ॲ आणि जोडाक्षरे माणसाने एकदा नजरेखालून घालावी लागतात, आणि ते काम त्या भाषेत वाढलेल्या माणसालाच जमते. संगणक मोडीत निघण्याआधी त्यांतल्या फाइली काढून घ्यायला हव्यात.